घरपोच धक्के

मगदूमांच्या अमेरिकन गाडीला रस्त्यात बसणारे धक्के गाडीतल्या माणसांना लागत नसत. ते घरी बसलेल्या अक्काला लागत.

कोल्हापुरात याचं कुणाला नवल नव्हतं. भूपाल मगदूमच्या वडिलांनी एका इनामदारांच्या तबेल्यातून ती गाडी आणली तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. लांबलचक फिकट पोपटी गाडी, मागे माशासारखे पर, पुढे दात विचकल्यासारखी जाळी. कंपनीचं नाव बोनेटवरून केव्हाच गळून पडलेलं. आत बसलेल्या माणसानं भरली कपबशी मांडीवर घेऊन पन्हाळ्याला जाऊन यावं, बशीत थेंब सांडत नसे. घरी मात्र भूपालची आई चुलीपुढे बसल्या जागी हिंदकळायची. एका हातानं तवा धरायची, दुसऱ्या हातानं भिंत.

आईला स्मशानात पोचवून मंडळी पंचगंगेवरून त्याच गाडीतून परतत होती, तेव्हा भूपालची थोरली बहीण अक्का माजघरात बायकांमध्ये बसली होती. ती एकाएकी वीतभर उडाली आणि धप्पकन खाली आली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "आलं हिच्याकडं. घरात आता हीच थोरली न्हवं का."

अक्का तेव्हा निपाणीचं सासर सोडून आलेली होती आणि परत जायचा विषय कुणी काढत नव्हतं. तिनं धक्के घेतले, जसा घरातला पाणी भरायचा वाटा घेतला होता तसे. एवढंच सांगितलं, की निघताना आवाज देत जा. भूपाल गाडी सुरू करण्याआधी "निघालो गं" म्हणून ओरडायचा आणि आतून उत्तर यायचं, "थांब, दूध उतरवतो." मग थोड्या वेळानं, "हां, जा आता."

अशी वर्षं गेली. भूपालचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून तो निवृत्त झाला. अक्काचे गुडघे गेले, आणि तिचा मुक्काम खिडकीजवळच्या कॉटवर हलला. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसे आणि तिच्यावर आलेलं पिंपळाचं एक रोप. बाकी काही दिसत नसे. गाडी मात्र रोज बाहेर पडे. भाजी आणायला, गॅसला नंबर लावायला, काही नसलं तर नुसती रंकाळ्यापर्यंत. भूपालला वाटे, आपल्याला गाडीची हौस आहे म्हणून आपण जातो.

मग एकदा हातकणंगल्याहून लग्न आटोपून येताना सांगली फाट्याजवळ पुढचं डावं चाक एका खड्ड्यात गेलं. आत भूपालला काहीच कळलं नाही. फक्त बोनेट एकदम खाली वाकलं आणि वर आलं, एखाद्यानं ओळखीच्या माणसाला नमस्कार करावा तसं. घरी आला तर अक्का कॉटखाली पडली होती आणि तिचा उजवा हात कोपराखाली नको त्या बाजूला वळला होता.

हाडांच्या डॉक्टर हेरवाडकरांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"कुठला खड्डा?" त्यांनी विचारलं.

"सांगली फाट्याजवळचा."

"डावीकडचा ना? माहीत आहे. त्याची आणखी दोन माणसं आहेत माझ्याकडे. पण ती मोटरसायकलवर होती." त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "मगदूम, यांची हाडं पापडासारखी झालीत. हात मी बसवतो. पण असा एखादा मणक्यात गेला तर बाई जगायच्या नाहीत. गाडी बंद करा, नाहीतर खालचं सगळं काम काढा."

भूपालनं गाडी बंद केली. अंगणात उभी करून तिच्यावर ताडपत्री टाकली.

ती बातमी कशी कोण जाणे पुण्यापर्यंत गेली आणि रणपिसे नावाचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक होता. त्यांनी पर कुरवाळले, दारं उघडमीट केली, आणि ओसरीवर बसून सभ्यपणे विचारलं, "ते धक्क्यांचं कसं आहे? गाडीबरोबर माझ्या घरी येतात, की इथंच राहतात?"

"इथंच राहतात," भूपाल म्हणाला. "आईकडनं हिच्याकडं आले. घराचे आहेत ते, गाडीचे नाहीत."

"म्हणजे मी मुंबई केली, गोवा केला, तरी माझ्या मिसेसना काही नाही?"

"त्यांना नाही."

"आणि तुमच्या भगिनींना?"

"तिला होणार."

रणपिसेंनी एकदा गाडीकडं, एकदा आतल्या दाराकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "मी प्रत्येक वेळी फोन करूनच निघत जाईन."

आतून अक्काचा आवाज आला, "भूपाल, त्यास्नी चहा दे आणि वाटंला लाव."

ताडपत्रीखाली गाडी राहिली ती पावसाळा सरेपर्यंत. अक्काचं प्लास्टर निघालं. हात थोडा वाकडाच बसला. एके सकाळी भूपाल तिची वेणी घालत होता, कारण तिला आता ते एका हातानं जमत नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "गाडी कुजंल अशानं."

"कुजू दे."

"खालचं काम काढ म्हणाले न्हवं डॉक्टर? मग काढ की. कारखान्यात जन्म गेला तुझा."

म्हणून त्यानं काम काढलं. जॅक लावून गाडी उचलली, चारी कोपऱ्यांखाली लोखंडी घोड्या दिल्या आणि चाकं उतरवून भिंतीशी टेकवली. चाकांशिवाय ती गाडी पाय पोटाशी घेतलेल्या म्हशीसारखी दिसत होती. खाली सगळं गंजलेलं. मागचे कमानपाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसून सपाट झालेले, शॉकॲबसॉर्बरमधलं तेल कधीच गळून गेलेलं, रबरी बुश हातात घेतले की भाकरीसारखे कुसकरत. हे सगळं सहन करणारं गाडीखाली काही उरलेलंच नव्हतं. त्यानं ते बराच वेळ आडवा पडून बघितलं.

अडचण एकच होती. जुन्या पिना ठोकल्याशिवाय निघत नव्हत्या, आणि गाडीला मारलेली प्रत्येक हातोडी अक्काला लागत होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "खाली दोन गाद्या द्या, आणि विचारून मारा."

त्याप्रमाणे चाललं. भूपाल गाडीखाली, अक्का खिडकीत उशांना टेकून.

"मारू?"

"थांब. हां, मार."

ठण्ण.

"कुठं बसला?"

"खांद्यात. मार."

ठण्ण.

"आता?"

"तिथंच. तुझं डावं पुढचं चाक खांद्यात येतं. उजवं पुढचं मानंत. मागची दोन्ही कंबरंत. तुला ठाऊक न्हाई?"

त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं विचारलंच नव्हतं.

"आणि मागच्या उजव्याचा दोनदा बसतो," अक्का म्हणाली. "एकदा जाताना, आणि मग मागनं येऊन परत एकदा, हळूच. इसरलेलं सांगायला आल्यागत."

त्यानं मागची उजवी बाजू सोडवली. कमानपाट्याची मधली पट्टी मोडलेली होती आणि तिचे दोन तुकडे एकमेकांवर आपटत होते.

काम लांबत गेलं, कारण अक्का एका बैठकीत फारसे घाव सोसू शकत नव्हती. दमली की हात वर करायची आणि भूपाल गाडीखालून बाहेर येऊन खिडकीखाली बसायचा. मग ती बोलायची. निपाणीच्या घराबद्दल ती कधी बोलली नव्हती, ते बोलली. नवऱ्यानं एकदा तिला संकेश्वरच्या जत्रेला न्यायचं कबूल केलं होतं आणि ती दिवसभर नेसून बसली होती. "बैलगाडी दारावरनं गेली. तो माझ्याकडं न बघता दुसऱ्याच कुणाला घेऊन गेला. त्यानंतर मी कुठं गेलो असंल तर तुझ्या गाडीतनं." भूपालनं ते ऐकलं, पण त्याला वाटलं ती पूर्वी कधी गाडीत बसली होती त्याबद्दल बोलते आहे. तो हात पुसून परत आडवा झाला.

पुढची मोठी स्प्रिंग काढताना जॅक निसटला. दाबून धरलेली स्प्रिंग तोफेसारखी सुटली, चॅसीवर आपटली आणि तुळशीकट्ट्याचा कोपरा फोडून पडली. भूपाल तसाच ग्रीसच्या हातांनी आत धावला. अक्का गादीवर तिरकी झाली होती, वेणी सुटून तोंडावर आली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि ती हसत होती.

"हे कुठलं गाव रं?" ती म्हणाली. "हितं कवा न्हाई आलो आपण."

त्यानं नवे बुश उद्यमनगरातून घडवून आणले, कमानपाटे तापवून, पाणी देऊन परत बाक आणवला, चारी शॉकॲबसॉर्बर बदलले. शेवटी चाकं चढवली आणि घोड्या काढून गाडी खाली घेतली. ती खाली आली तशी हळूच दबली आणि हळूच वर येऊन थांबली, जशी माणसं झोपेत श्वास घेतात.

"निघालो गं," तो ओरडला.

"जा," आतून आलं.

तो राजारामपुरीतून बिंदू चौकात, तिथून पापाच्या तिकटीला, आणि पुढे थेट पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आला. आत काही कळत नव्हतं, पण ते कधीच कळत नसे. घरी येऊन तो खोलीत गेला. अक्का तांदूळ निवडत होती.

"निघतोस कवा?" तिनं विचारलं.

"आलोय की जाऊन."

तिचा हात सुपातच राहिला. "कुठं गेलतास?"

"पुलापर्यंत. काहीच नाही लागलं?"

"न्हाई."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?"

"छान झालं," अक्का म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं. निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ तिच्या हातानं एक झाले ते तिच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर ती हळूहळू कमी होत गेली. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. हाड एकही दुखत नव्हतं. भूपाल बाहेरून आला की तिला सांगायचा, तिकटीला कोंडी होती, रंकाळ्यावर पाणी चढलंय. ती म्हणायची, "असंल."

एकदा ती आपणहून म्हणाली, "मला गाडीत बसव."

त्यानं आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. घरात कुणी नव्हतं, पण आता घरी पाठवायला धक्काही उरला नव्हता, म्हणून काळजी नव्हती. गाडी निघाली, सायीवरून चमचा फिरावा तशी. अक्का काचेतून बघत राहिली. दुकानं, पाट्या, मोबाईलचे फलक, हेल्मेट घातलेल्या मुली.

"हे काय आलं?" तिनं विचारलं.

"बिंदू चौक."

"न्हवं."

"अगं बिंदू चौकच आहे."

"बिंदू चौकाला आधी एक लांब बसतो, मग उजवीकडनं दोन बारीक. मग गाडी थांबती. मला का ठाऊक न्हाई बिंदू चौक?" थोडं पुढं गेल्यावर तिनं परत विचारलं, "आणि हे?"

"पापाची तिकटी."

तिनं मान हलवली. आपल्याला कुणी फसवतंय आणि फसवणारा सख्खा भाऊ आहे, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"डोळे मिटून बघ," भूपाल म्हणाला.

"मिटले." ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "काय न्हाई. घरी ने."

घरी आल्यावर तिनं त्याला कॉटवर जवळ बसवलं. "काढून टाक ते घातलेलं सगळं."

"तुला डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मणक्यात गेला तर मरशील, अक्का."

"हाडं जपून काय करू मी? लोणचं घालू?"

"मी नाही काढणार."

ती खिडकीकडं वळली. बाहेर कुणीतरी पिंपळाचं ते रोप भिंतीतून उपटून नेलं होतं. तिथं नुसतं भोक दिसत होतं. "भूपाल," ती म्हणाली, "तू भाईर गेलास की मी आता हितं एकटी ऱ्हातो. आधी ऱ्हात न्हवतो."

तो उठून बाहेर गेला आणि अंगणात गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. ती रोज कुठं जात होती ते त्याला तेव्हा कळलं.

तरी तो डॉक्टरांकडे गेला. हेरवाडकरांनी सगळं ऐकून घेतलं.

"वैद्यकीयदृष्ट्या मी हो म्हणू शकत नाही," ते म्हणाले.

"आणि ते सोडून?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते सोडून मला अजून कुणी विचारलेलं नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

भूपालनं चारी शॉकॲबसॉर्बर काढले. या वेळी हातोडी लागली नाही. सगळं नवं होतं, पान्यानं सहज सुटलं. कमानपाट्याची मोडकी पट्टी त्यानं ठेवून दिलेली होती, ती परत घातली. सकाळी त्यानं अक्काची वेणी घातली. तिनं पेटीतून बुट्टीदार इरकल काढायला सांगितलं होतं. ते तिला नेसवता नेसवता त्याच्या लक्षात आलं, की ती फार हलकी झाली आहे.

"निघालो गं," तो अंगणातून ओरडला.

"जा. आणि चुकवत बसू नगंस."

त्यानं चुकवले नाहीत. बिंदू चौकात त्यानं गाडी मुद्दाम डाव्या कडेनं घेतली, म्हणजे तो लांब धक्का पुरता मिळेल. तिकटीला तो दोनदा फिरला. शाळेपुढचा गतिरोधक, पुलाच्या अलीकडचा उखडलेला पट्टा, गंगावेशीतली खडी, सगळं त्यानं घेतलं. आत सीट हलत नव्हती. पण बोनेट उठत होतं, बसत होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला दिसत होतं, की आत्ता तिच्या खांद्यात आला, आत्ता मानेत, आत्ता कंबरेत आणि मागनं परत एकदा. मध्येच त्याच्या तोंडून निघून गेलं, "बसला?" शेजारची सीट रिकामी होती.

पुलावरून परत फिरून तो रंकाळ्याच्या कडेनं येत होता. तिथं रस्त्याला एक उंचवटा आहे. गाडी त्यावरून गेली आणि भूपालच्या कंबरेत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं.

त्याला वाटलं, उसण भरली. पुढच्या खड्ड्याला त्याचे दात एकमेकांवर आपटले. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

तिथं शहाळी विकणारा माणूस होता. तो कोयता घेऊनच जवळ आला. "काय झालं वो काका? पंक्चर?"

"नाही," भूपाल म्हणाला. "धक्का बसला."

"तुमाला?"

"मला."

शहाळेवाल्यानं गाडी ओळखली होती. त्यानं कोयता खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. "घरात आणि कोन न्हवतं?"

"ती आणि मी. दोघंच."

"मग आता तुमीच थोरलं," शहाळेवाला म्हणाला. त्यानं एक शहाळं फोडून खिडकीतून आत दिलं. "पानी पिऊन जावा. सावकाश जावा."

भूपाल पाणी प्यायला. घाई करून आता काही होणार नव्हतं, आणि सावकाश जाऊनही. तो निघाला. बिंदू चौकातून येताना त्याला रस्ता प्रथमच लागत होता, दगड न् दगड. पहिला लांब, मग दोन बारीक. मागच्या उजव्या चाकाचा खरंच दोनदा बसत होता. दुसरा हळूच.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी वळवली, आणि खालून असा दणका आला की त्याचा श्वास अडकला. डोळ्यांपुढं काळोखी आली. तो दार उघडून उतरला आणि वाकून बघू लागला. गटारावरची फरशी खचून रस्त्यात आडवी खोल चर पडली होती. वर पाचोळा साचला होता, त्यामुळं दिसत नव्हती. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. फार जुनी होती. गल्लीला दुसरी वाट नव्हती. जाताना एकदा, येताना एकदा, गाडी रोज तिच्यावरून गेली होती. अक्कानं या चरीबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

घर समोर दिसत होतं. दार नुसतं ओढून घेतलेलं. भूपाल परत गाडीत बसला. मागची चाकं अजून चरीच्या पलीकडेच होती. त्यानं पाठ सीटला टेकवली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.